चांदीच्या वाडग्यावरची अक्षरं

जुना वाडगा पुण्यात लक्ष्मी रोडला पॉलिशला टाकण्याआधी त्यावरची अक्षरं वाचून घ्या. ठिपक्यांनी कोरलेलं नाव घासून घासून झिजतं. खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला अगदी आडवा धरा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची सावली पडते. आमच्या वाडग्यावर मला नुसते ओरखडे वाटत होते, ते निघाले ‘शके १८१०’! त्यात ७८ मिळवले की इसवी सन १८८८. अर्थात हे साल भेट दिल्याचंही असू शकतं. ‘तो.’पुढचा आकडा बहुधा तोळ्यांचा: तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, वजन करून ताडून बघा. अक्षरं मोडी वाटली तर फोटो घेऊन भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. नुसत्या वेलबुट्टीवरून काळ ठरवू नका, तीच नक्षी कारागीर पिढ्यानपिढ्या काढत.