लायब्ररी इन्स्टॉल करायची की प्रोजेक्टमध्येच कॉपी मारायची?

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड. माझं मत आधीच सांगून टाकतो, पॅकेज मॅनेजर (लायब्ररी नेटवरून आणून बसवणारं टूल, जसं जावास्क्रिप्टचं एनपीएम, पायथनचं पिप) असेल तर सरळ इन्स्टॉल करा, आणि कोड कॉपी करून रिपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या गिट फोल्डरमध्ये, ठेवायचाच असेल तर त्याचं कारण दोन वर्षांनी दुसऱ्याला पण पटेल असं पाहिजे. "तेव्हा घाई होती" हे कारण नाही. हे मी अनुभवाने बोलतोय, तारखांची एक छोटी लायब्ररी मी अशीच उचलून टाकली होती, त्यात एका ओळीत बग होता तो तिथेच सुधारला, कुठे लिहून ठेवलं नाही, मग कधीतरी नवीन व्हर्जन वरून पेस्ट केलं आणि माझी ती ओळ गेली, बग परत हजर. शोधायला अख्खा दिवस गेला, आणि गिट ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) काढल्यावर नाव माझंच!

इन्स्टॉल करताना खरी गोम लॉक फाईलमध्ये, म्हणजे नेमकं कुठलं व्हर्जन बसलं ते नोंदवणाऱ्या फाईलमध्ये, आहे. एनपीएमच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) व्हर्जनच्या आधी ती ^ टोपी असते ना, ^१.२.३ लिहिलं तर तिचा अर्थ १.२.३ किंवा त्यापुढचं २.० च्या आतलं काहीही चालेल. म्हणजे तुमच्याकडे एक आणि सर्व्हरवर दुसरंच. म्हणून पॅकेज-लॉक कमिट करा, आणि सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉल नाही तर एनपीएम सीआय चालवा, ते लॉकमध्ये जे आहे तेच आणतं आणि जुळलं नाही तर एरर देऊन थांबतं. पायथनवाल्यांनी आधी व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन), मग पिप फ्रीझ (बसवलेल्या पॅकेजेसची यादी), नाहीतर मशीनवरचं सगळं गाठोडं रिक्वायरमेंट्समध्ये येतं. एनपीएम लायब्ररी जिथे आणून टाकतं ते नोड मॉड्यूल्स फोल्डर मात्र गिटइग्नोरमध्येच (गिटने न घ्यायच्या यादीत) बरं.

आता "पॅकेजच गायब झालं तर?" ही भीती खोटी नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढलं आणि जगभर बिल्ड पडले. पण त्यावर उपाय म्हणून सगळंच कॉपी केलं तर दुसरीकडे अडकता. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीत सुरक्षेचं भगदाड सापडलं तेव्हा खरी डोकेदुखी ही होती की ती लायब्ररी कोणाकोणाच्या जारच्या (जावा प्रोग्रॅमच्या पॅक केलेल्या फाईलच्या) पोटात बसलीये हेच कळत नव्हतं. हाताने पेस्ट केलेली फाईल एनपीएम ऑडिटला (धोकादायक व्हर्जन शोधणाऱ्या कमांडला) दिसत नाही.

तरी कॉपी करायची वेळ येते, नेट नसलेल्या मशीनवर बिल्ड, बंद पडलेली लायब्ररी, किंवा पिपसारखं टूल, जे इन्स्टॉलर असल्यामुळे स्वतःच्या डिपेंडन्सी (त्याला लागणाऱ्या लायब्ररी) स्वतःच्या पोटातच घेऊन फिरतं. तेव्हा दुसऱ्यांच्या कोडसाठी वेगळं व्हेंडर फोल्डर करा, गो भाषा असेल तर गो मॉड व्हेंडर हे काम स्वतःच करतं. आत एका टेक्स्ट फाईलमध्ये कुठून घेतली, कुठलं व्हर्जन, का घेतली एवढं लिहा. लायसन्स फाईल उडवू नका, एमआयटीसारखं मोकळं लायसन्स असलं तरी कॉपीराइटची नोटीस सोबत ठेवावीच लागते. आणि मूळ कोडला शक्यतो हात लावू नका, लावलाच तर बदलाची पॅच फाईल (फक्त बदललेल्या ओळी) बाजूला ठेवा म्हणजे पुढच्या अपडेटला परत चढवता येते.

शेवटी, कॉपी केलेलं सगळं खरंच रिपोत आलंय का हे बघायला रिपो नव्याने क्लोन करा (उतरवून घ्या), पॅकेजची कॅशे साफ करा, नेट बंद करा आणि बिल्ड मारा. माझ्याकडे पहिल्यांदा एक फॉन्ट सापडला जो गुपचूप नेटवरून येत होता.