तुमच्या विद्यापीठात स्त्री अभ्यासाचं एमए सुरू करायचंय? प्रस्ताव असा करा

पहिलं काम म्हणजे आधी काय आहे ते बघा. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री अभ्यास संशोधन केंद्र १९७४ पासून आहे, पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं, तर त्यांचे सिलॅबस नीट वाचा आणि आपल्या भागात काय वेगळं शिकवता येईल ते लिहा. म्हणजे मराठवाड्यात असाल तर ऊसतोड कामगार बायका आणि त्यांच्या गर्भाशय काढायच्या ऑपरेशनचा प्रश्न हा एक अख्खा पेपर होऊ शकतो, आणि माझ्या मते व्हायलाच हवा!

मग सिलॅबस. चार सेमिस्टर, रिसर्च मेथडॉलॉजी, रिसर्च प्रोजेक्ट, आणि नवीन शैक्षणिक धोरणातलं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट. हे फील्डवालं कागदापुरतं ठेवू नका, बचत गट, महिला समुपदेशन केंद्र यांच्याशी आधीच बोलून त्यांची संमतीपत्रं जोडा. सावित्रीबाई फुले, 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे असतीलच, पण दलित आणि आदिवासी स्त्रियांचं लेखन शेवटच्या युनिटमध्ये ढकलू नका, पहिल्या सेमिस्टरलाच घ्या.

प्रस्ताव विद्यापीठात अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद असा वर जातो. प्रत्येक ठिकाणी विचारतात की शिकवणार कोण आणि पैसे कुठून येणार, म्हणून समाजशास्त्र, इतिहास, मराठी, लॉ या विभागांतले कोण किती तास घेतील ते लेखी घ्या, आणि निदान एक तरी पूर्णवेळ पोस्ट मागाच. मुलींना पुढे काय असं कोणी म्हणालं तर सांगा की नेटला, म्हणजे सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला, हा स्वतंत्र विषय आहे, आणि हो, प्रवेश मुलग्यांनाही खुला ठेवा