निवडक डेटाबेसचे बॅकअप एन्क्रिप्ट कसे करावेत

डेटाबेसला आपण पासवर्ड लावतो आणि त्याचीच बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर तशीच नेतो. ती कुणाच्या हाती लागली, तर स्वतःच्या सर्व्हरवर रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करून, तो सगळं वाचू शकतो. म्हणून पगार, रुग्णांच्या नोंदी, आधार क्रमांक असलेले डेटाबेस आधी निवडा. पिनकोडच्या यादीला हा खटाटोप नको, कारण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, प्रत्येक फाइल एका सर्टिफिकेटवर (त्या किल्लीचं रक्षण करणाऱ्या डिजिटल दाखल्यावर) अवलंबून असते आणि ते वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. एक्स्प्रेस आणि वेब एडिशनमध्ये मात्र असा बॅकअप घेता येत नाही.

१. 'मास्टर' डेटाबेसमध्ये (यात सर्व्हरची स्वतःची माहिती असते) भक्कम पासवर्ड देऊन डेटाबेस मास्टर की, म्हणजे सर्टिफिकेटचं रक्षण करणारी किल्ली, तयार करा.

२. तिथेच सर्टिफिकेट बनवा. मुदतीची तारीख स्वतः द्या; न दिल्यास ते एकाच वर्षाचं होतं.

३. आता पहिला बॅकअप घेण्याची घाई करू नका. 'बॅकअप सर्टिफिकेट' कमांडने सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की (त्याची गुप्त किल्ली) अशा दोन फाइली काढा. त्या आणि त्यांचा पासवर्ड सर्व्हरपासून दूर ठेवा, बॅकअपच्या डिस्कवर तर नकोच. सर्व्हर जळाला आणि या फाइली नसल्या, तर तुमचाच डेटा तुम्हालाही उघडता येणार नाही.

४. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळण्याचा प्रोग्रॅम) डेटाबेसवर राइट क्लिक करून 'टास्क्स'मधून 'बॅक अप' उघडा. 'मीडिया ऑप्शन्स'मध्ये नवा मीडिया सेट (बॅकअप साठवायच्या फाइलींचा संच) निवडा, नाहीतर पुढचा पर्याय फिकाच दिसतो. मग 'बॅकअप ऑप्शन्स'मध्ये 'एन्क्रिप्ट बॅकअप'वर टिक करून एईएस २५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत आणि आपलं सर्टिफिकेट निवडा. कॉम्प्रेशनही सोबत चालू ठेवता येतं.

५. रोज आपोआप बॅकअप घेणाऱ्या ठरलेल्या जॉबमध्येही हेच करा. इथे हमखास एक चूक होते: फुल बॅकअप एन्क्रिप्ट होतो, पण डिफरन्शियल (मागच्या फुल बॅकअपनंतर बदललेला भाग) आणि लॉग (व्यवहारांची नोंद) बॅकअप साधेच राहतात. बदललेल्या नोंदी त्यांतही असतातच. निवडलेल्या डेटाबेसचे तिन्ही प्रकार तपासा.

६. दुसऱ्या सर्व्हरवर आधी सर्टिफिकेट न घालता रिस्टोअर करून पाहा. ते अडायलाच हवं. मग तिथे मास्टर की बनवा, त्या दोन फाइलींतून सर्टिफिकेट घाला आणि पुन्हा रिस्टोअर करा.

ते जमलं की जुन्या, एन्क्रिप्ट न केलेल्या फाइली शोधायला लागा. त्या बहुधा कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या डाउनलोड्समध्ये सापडतात.