माळ्यावरचा टीव्ही, कपाटातल्या गोळ्या: घरातला घातक आणि अवजड कचरा कुठे द्यायचा?

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, एवढं आता बऱ्याच घरांत जमतं. अडतं ते तिसऱ्या ढिगापाशी. फुगलेली मोबाईलची बॅटरी, मुदत संपलेल्या गोळ्या, ट्यूबलाइट, रंगाचा अर्धा डबा, डबड्यासारखा मोठा टीव्ही, खचलेली गादी. कचरा न्यायला येणारी ताई यातलं काही घेते, काही परत करते. भंगारवाला चार पैसे सुटतील तेवढंच उचलतो. उरलेलं पुन्हा माळ्यावर जातं, नाहीतर रात्री गुपचूप कोपऱ्यावरच्या ढिगात.

इंटरनेटवर 'जवळचं रिसायकलिंग' शोधलं की बहुतेक वेळा भंगाराची दुकानंच समोर येतात. म्हणून शोध दुसऱ्या टोकाने करावा: आधी वस्तू कोणत्या जातीची ते ठरवायचं, मग तिच्यासाठी कोण बांधील आहे ते विचारायचं. इथे उदाहरण मुख्यतः पुण्याचं घेतलं आहे. इतर शहरांत दारं साधारण तीच असतात, पाट्या वेगळ्या.

१. आधी ढीग पाडा

सगळं एका पोत्यात भरून 'हे घ्या' म्हटलं तर कोणीच घेत नाही, कारण प्रत्येक प्रकाराचा कायदा आणि पुढचा प्रवास वेगळा आहे.

घरगुती घातक कचरा म्हणजे जुनी औषधं, सुया, रंग आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर. विजेवर चालणारं ते सगळं ई-कचऱ्यात: इस्त्री, मिक्सर, चार्जर, एलईडी बल्बसुद्धा. सुट्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवा. गाद्या, सोफे, कपाटं अवजड कचऱ्यात. घराचं काम काढलं असेल तर फरश्या, जुनं कमोड, विटांचे तुकडे हा राडारोडा. तो वरच्या कशातच घालू नका. त्याची महापालिकेची व्यवस्था स्वतंत्र असते आणि बहुधा शुल्क भरून गाडी बोलवावी लागते.

२. कोठीवर जाऊन विचारा

माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी दार हेच. पुण्यात प्रत्येक भागात महापालिकेची आरोग्य कोठी असते. सफाई कर्मचारी सकाळी हजेरी लावतात ती जागा. तिथले मुकादम आणि आरोग्य निरीक्षक यांना आपल्या भागातली गाडी काय घेते, कुठल्या दिवशी घेते, ई-कचऱ्याचं संकलन केंद्र कुठे आहे, हे संकेतस्थळापेक्षा नेमकं माहीत असतं. सकाळी लवकर गेलात तर भेट होते. दुपारी कोठीला कुलूप दिसण्याची शक्यता जास्त. मुंबईत हीच चौकशी विभाग कार्यालयातल्या घनकचरा व्यवस्थापन खात्यात करायची, किंवा १९१६ वर फोन लावायचा. नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षकाला गाठा.

'कचरा कुठे टाकू?' असं मोघम विचारलं की 'गाडीत द्या' असं मोघम उत्तर येतं. प्रश्न असा विचारा: 'घरगुती घातक कचऱ्याचं संकलन केंद्र कुठलं, आणि त्याची वेळ काय?' २०१६ च्या घनकचरा नियमांनीच असं केंद्र दर २० चौरस किलोमीटरला एक, या हिशेबाने उभारायची आणि त्याची वेळ जाहीर करायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. २०२६ च्या नव्या नियमांत कचऱ्याचे प्रकार चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर वगैरे) आणि विशेष काळजीचा. आपला घातक ढीग म्हणजे हा चौथा. नियमातला शब्द वापरला की समोरचाही जरा सावरून बसतो, आणि केंद्र नसेल तर तक्रार नोंदवायला आधार मिळतो.

पुण्यात दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या बहुतेक जणी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. ई-कचरा, जुने कपडे, फर्निचर अशा रोजच्या फेरीत न मावणाऱ्या वस्तूंसाठी या संस्थेची 'व्ही-कलेक्ट' ही सेवा आहे. ताईंनाच विचारा, नाहीतर संस्थेकडे नोंदणी करा. मुंबईत महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळं संकलन सुरू केलं. त्यासाठी सोसायटीने नाव नोंदवावं लागतं. तुमच्या सोसायटीने ते केलंय का, हे सेक्रेटरींना विचारायला हरकत नाही.

३. ई-कचरा: भाव नको, पावती मागा

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात, आणि त्या विकणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रण, म्हणजे रिसायकलिंग, करवून घेण्याची जबाबदारी आहे. म्हणून पहिला फोन कंपनीला. संकेतस्थळावर अगदी खाली, बारीक अक्षरांत 'ई-वेस्ट' असा दुवा सापडतो. तिथे टोल-फ्री क्रमांक किंवा केंद्रांची यादी असते. मोठ्या वस्तूला गाडी येते, चार्जर आणि इअरफोनसाठी सहसा कोणी येत नाही. बारीकसारीक वस्तू एका खोक्यात साठवा आणि संस्था किंवा महापालिकेचं संकलन शिबिर लागलं की द्या.

दुसरा मार्ग थेट पुनर्चक्रण करणाऱ्यांचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत उद्योगांची यादी असते, त्यात आपला जिल्हा शोधायचा. 'आम्ही ई-वेस्ट घेतो' असा फलक लावलेल्या कोणालाही तीन गोष्टी विचारा: नोंदणी कोणाच्या नावावर आहे, पावती देता का, आणि माल पुढे कोणाकडे जातो? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो, त्याच्या भावाच्या मोहात पडू नका.

भंगारवाल्याला मी वाईट म्हणत नाही. लोखंडी कपाट, सायकल, ॲल्युमिनियमची भांडी त्याच्याइतकी चोख दुसरं कोणी मार्गी लावत नाही. अडचण आहे ती त्याच्याकडून माल पुढे जातो त्या मधल्या टप्प्याची. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती नाल्याकाठी पडते.

फ्रिजचं तर वेगळंच. मागच्या बाजूच्या पट्टीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा. आर-१२ असेल तर तो ओझोनच्या थराला मारक. आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरकस आहे. हल्लीच्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेतो. कॉम्प्रेसर काढायला कोणी तुमच्या जिन्यात नळी कापायला लागला, तर तिथल्या तिथे थांबवा. फ्रिज अख्खाच द्यायचा आणि अख्खाच घेणाऱ्याला द्यायचा. नवा घेताना 'एक्स्चेंज'मध्ये जुना देणार असाल तर तो कंपनीकडे जाणार की व्यापाऱ्याकडे, हे दुकानात विचारून ठेवा.

फोन आणि लॅपटॉप देण्याआधी खात्यांतून बाहेर पडा, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढा, फॅक्टरी रीसेट करा. बंद पडलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून घ्या, किंवा माहिती नष्ट केल्याचा दाखला देणारा पुनर्चक्रणवाला निवडा.

४. बॅटऱ्या

इन्व्हर्टर आणि गाडीच्या बॅटरीचा प्रश्न जवळपास सुटलेला आहे: नवी घेताना दुकानदार जुनी वजा करून घेतो. आतलं ॲसिड ओतून देऊ नका आणि बॅटरी आडवी करू नका, एवढंच.

लिथियमची गोष्ट निराळी. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर मोबाईल कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. कचरागाडीत गेली तर दाबाखाली ती पेटू शकते. रिमोटचे सेल एका बरणीत साठवा; २०२२ च्या बॅटरी नियमांत तेही येतात, त्यामुळे ई-कचरा केंद्रात द्यायला हरकत नसावी. बटण सेल मात्र लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

५. औषधं, सुया, पारा

गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात फक्त १७ औषधं फ्लश करायला सांगितली आहेत: फेंटानिल, मॉर्फिनसारखी, चुकून दुसऱ्याने घेतली तर जिवावर बेतणारी. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर ती असू शकतात. औषध देणाऱ्या रुग्णालयाला विचारून मगच काय ते करा. बाकीची वेगळ्या पिशवीत, 'मुदत संपलेली औषधं' असं मराठीत मोठं लिहून, विशेष कचऱ्यात द्या. पाकिटावरचं रुग्णाचं नाव खोडा. अख्खी पाकिटं सुक्या कचऱ्यात गेली तर ती पुन्हा बाजारात शिरण्याचा धोका असतो.

इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकणावर चिकटपट्टी मारा, वर 'सुया' लिहा. ज्या हातांनी पुढे हा कचरा निवडला जातो, त्यांना हातमोजे असतीलच असं नाही.

ट्यूब बदलताना नवीच्या खोक्यात जुनी घालून ठेवावी, म्हणजे फुटत नाही. सीएफएल फुटलाच तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर नको. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत. थर्मामीटरच्या पाऱ्यालाही हीच रीत, फक्त हातातली सोन्याची अंगठी आधी काढून ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. पारा असलेले दिवे २०१६ पासून ई-कचरा नियमांतही आहेत, त्यामुळे घातक कचऱ्याचं केंद्र सापडलं नाही तर ई-कचऱ्यावाल्याला विचारून पाहा.

रंग उरला असेल तर वापरून टाका किंवा शेजाऱ्याला द्या. हाच त्याचा उत्तम निकाल. थिनर मोरीत ओतू नका.

६. गाद्या आणि फर्निचर

कापसाची गादी कचरा नाहीच. पिंजारी अजून आहेत. कापूस पिंजून, नवा अभ्रा घालून गादी परत मिळते. फोमची गादी मात्र सगळ्यात अवघड. संकलन सेवेला फोन करताना 'फर्निचर घेता का' असं न विचारता 'फोमची गादी घेता का, आणि किती पैसे लागतील' असंच विचारा, नाहीतर टेम्पो येतो आणि गादी सोडून जातो. चालू स्थितीतल्या वस्तूंसाठी २०२३ पासून अनेक शहरांत 'आर-आर-आर' (रिड्यूस, रीयूज, रिसायकल) केंद्रं निघाली. तुमच्या शहरातलं अजून सुरू आहे का, हे कोठीवरच कळेल. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजारही आहे. प्लायवूडचे तुकडे शेकोटीला वापरू नका, त्यातल्या गोंदाचा धूर घातक असतो.

लहान गावात

तालुक्याला संकलन केंद्र नसेल तर माल एकत्र करणं हाच व्यवहार्य मार्ग. एका घराच्या मिक्सरसाठी कोणी येणार नाही. शाळा, गणेश मंडळ किंवा ग्रामपंचायतीने टेम्पोभर गोळा केलं तर अधिकृत पुनर्चक्रणवाल्याशी बोलता येतं. आधी फोन करून किमान किती किलो लागतात ते ठरवा, मग तारीख जाहीर करा. उलटं केलं तर ढीग शाळेच्या वऱ्हांड्यात राहतो. गोव्यात पंचायत किंवा पालिका हे पहिलं दार, आणि राज्यपातळीवर गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ.

शेतघरातले कीटकनाशकांचे डबे तीनदा विसळा, विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओता, ओढ्यात किंवा विहिरीजवळ नको. मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे कोणी त्यात रॉकेल किंवा पाणी भरणार नाही. हे डबे मिक्सर-टीव्हीच्या टेम्पोत चढवायचे नाहीत. ते घातक ढिगातले.