जीवनसत्त्वांची कमतरता नुसत्या डोळ्यांनी कशी ओळखावी

सकाळी, चहा-सुपारीच्या आधी, खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. ट्यूबलाइटखाली जिभेचा खरा रंग कळत नाही.

१. आधी जीभ बाहेर काढा. निरोगी जीभ खरखरीत असते. ती गुळगुळीत, लालभडक झाली असेल आणि तिखट झोंबत असेल, तर बी१२, फॉलिक ॲसिड किंवा लोह कमी असू शकते.

२. मग बोटांचे सांधे आणि नखांच्या कडा बघा. इथे नव्याने आलेला काळेपणा लोक उन्हावर ढकलतात, पण बी१२ कमी असले तरी तो येतो. शाकाहारी माणसांनी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी हे जास्त बारकाईने पाहावे. पायाला मुंग्या येत असतील, अंधारात तोल जात असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. नुसते फॉलिक ॲसिड स्वतःच्या मनाने सुरू करू नका: रक्त सुधारलेले दिसते आणि नसांचे नुकसान मात्र आतून चालूच राहते. बी१२चे इंजेक्शन घेण्याआधी रक्त तपासायला द्या, नाहीतर रिपोर्टवर बी१२चा आकडा भरपूर दिसतो. तो साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेला, तर कमतरता धरतात.

३. ओठांचे कोपरे चिरलेत? दोन्ही बाजूंना असेल तर बी२ किंवा लोहाची शंका घ्या. सैल कवळी आणि बुरशीनेही असेच होते.

४. हिरड्यांतून रक्त येण्याचे नेहमीचे कारण दातांवरचे कीटण. सोबत नडगीवर केसांच्या मुळांशी लाल ठिपके, जरा लागले की काळेनिळे डाग असतील, तरच क जीवनसत्त्व आठवा. पेरू, आवळा कच्चा खा. शिजवताना ते बरेच नष्ट होते.

५. लहान मूल संध्याकाळी धडपडते का, बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका आहे का, हे पाहा. ही अ जीवनसत्त्वाची लक्षणे आहेत, उशीर परवडत नाही. सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यात १ लाख युनिट, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट मिळतात. कार्डावर डोस तपासा. मनगट जाड आणि पाय धनुकलीसारखे वाकलेले असतील तर मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता.

नखांवरचे पांढरे ठिपके बहुधा किरकोळ माराचे असतात, कॅल्शियमचे नव्हे. चमच्यासारखे खोलगट नख मात्र लोह तपासायला सांगते. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त तपासायला देण्याआधी डॉक्टरांना सांगा; थायरॉइडचे आकडे त्याने चुकतात.