फुलपाखरांची बाग करताय? आधी या चुका टाळा

गणपती झाले की माझा फोन सुरू होतो. "बाग केली, पण फुलपाखरं कुठायत?" काय लावलंय विचारलं, की उत्तर ठरलेलं: झेंडू, एक्झोरा, पेंटास. म्हणजे खानावळ उघडली, पण बाळंतपणाची सोय नाही. मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांवर. लिंबू-कढीपत्त्यावर लाइम आणि मॉर्मन ही फुलपाखरं, रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर एमिग्रंट, टाकळ्यावर ग्रास यलो. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, तीही लिंबाच्याच कुळातली झाडं शोधते.

आणि झाड लावलं की अळ्या ते खाणारच! इथंच सगळे बिथरतात. कोल्हापुरातल्या एका उद्यानात, नाव नको, ऑगस्टमध्ये कढीपत्त्यावर लाइमच्या अळ्या होत्या. लहान अळी अगदी पाखराच्या शिटेसारखी दिसते. मोठी हिरवी, बोट लावलं की डोक्यामागून शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन दिवसांनी पोरांना दाखवायला घेऊन गेलो, तर खाली काळ्या पडलेल्या अळ्या, शेजारचा टाकळा साफ. पाहुणे येणार होते म्हणे. माळीमामा खुशीत सांगत होते, "सर, कीड लागली हुती, फवारून टाकली बघा." त्यांना काय बोलणार? चूक माझी, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून अशा प्रत्येक झाडाला लाल चिंधी बांधतो आणि आधी माळ्याबरोबर चहा पितो, मग साहेबांना भेटतो. गवत कापायचंच तर एका वेळी एक वाफा.

दुसरी चूक फुलपाखरं मोजणाऱ्यांची. सप्टेंबरच्या उन्हात एक रविवार, एप्रिलच्या दुपारी एक रविवार, आणि लगेच निष्कर्ष: "जाती घटल्या!" अरे, उन्हाळ्यात पालवी आणि ओल नसते, तर ती कमी दिसणारच. जुलैच्या झडीत तर उडतच नाहीत. खरी गर्दी पाऊस उघडल्यावर, साधारण नोव्हेंबरपर्यंत. मी दर पंधरवड्याला त्याच वाटेनं, त्याच संथ चालीनं, सकाळी नऊला निघतो. ढग असले तर तसं लिहितो, एकही दिसलं नाही तर शून्य लिहितो. शून्य लिहायला नव्या पोरांना फार जड जातं.

ऋतूनुसार रूपही बदलतं. दिवेलागणीला उडणारं कॉमन इव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात पंखांवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके मिरवतं. कोरड्या दिवसांत ते डोळे पुसट होतात आणि फुलपाखरू वाळकं पान वाटतं. सुरुवातीला मीही त्याच्या दोन जाती नोंदवल्या होत्या. फोटोवरून जात सांगणाऱ्या ॲपचं पहिलं उत्तर खरं मानणाऱ्यांना आजही हेच होतं.

बाकी थोडक्यात. साखरपाणी ठेवू नका, मुंग्या येतात. त्यापेक्षा एक कोपरा चिखलाचा ठेवा, नर क्षार चोखायला येतात. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती आवरत नाही, लावूच नका. राधानगरीच्या जंगलातून अळ्या उचलून आणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि बांडगूळ दिसलं की लगेच कोयता काढू नका, जेझेबेल फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात. आंब्याचा मालक ऐकणार नाही, ते वेगळं.