शेअरची दर्शनी किंमत कशी वाचावी

'दहाचा शेअर चारशेला विकतायत, चाळीसपट महाग!' हा सल्ला जळगावात चहाच्या टपरीवर आजही मिळतो. तो मनावर घेऊ नका. दर्शनी किंमत, म्हणजे फेस व्हॅल्यू, एवढंच सांगते की कंपनीने आपल्या भांडवलाचा एकेक वाटा किती रुपयांचा धरला आहे. शेअर स्वस्त की महाग, हे त्यावरून कळत नाही. भाव ठरतो कमाईवर आणि पुढच्या अपेक्षेवर.

आकडा एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावरच असतो. स्टेट बँकेचा 1 रुपया, विप्रोचा 2, इन्फोसिसचा 5, रिलायन्सचा 10. वसूल भांडवलाला, म्हणजे शेअरच्या दर्शनी किमतीपोटी कंपनीकडे जमा झालेल्या रकमेला, या आकड्याने भागलं की शेअर किती ते निघतं. 20 कोटी भांडवल आणि 2 रुपये दर्शनी किंमत असेल तर 10 कोटी शेअर.

आता लाभांश, म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते ती रक्कम. इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून सावकाश वाचा. कापूस विकून हातात पैसे आले होते आणि पेपरात एका कंपनीची बातमी होती, 'पाचशे टक्के लाभांश'. मला वाटलं, गुंतवलेल्या पैशाच्या पाचपट! 620 च्या भावाने 40 शेअर घेतले, म्हणजे 24,800 रुपये घातले. खात्यात आले फक्त 200 रुपये. दर्शनी किंमत होती 1 रुपया, त्याचे पाचशे टक्के म्हणजे शेअरमागे 5 रुपये. माझ्या पैशावर परतावा पडला पाऊण टक्क्याच्या जरा वर. त्यापेक्षा बचत खात्यात जास्त सुटलं असतं.

लाभांशाची टक्केवारी नेहमी दर्शनी किमतीवर असते, तुम्ही दिलेल्या भावावर कधीच नाही. म्हणून आधी टक्क्यांचे रुपये करा, मग ते आजच्या भावाने भागा. ही दोन गणितं कागदावर मांडल्याशिवाय, केवळ लाभांशासाठी, एकही शेअर घेऊ नका. टक्केवारी मोठ्या अक्षरात सांगणारा आणि दर्शनी किंमत न सांगणारा माणूस सल्ला द्यायच्या लायकीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी खोच विभाजनाची. 10 चा शेअर फोडून 2-2 चे पाच केले, तर भांडवल तेवढंच राहतं. गेल्या वर्षी शेअरमागे 8 रुपये मिळाले आणि विभाजनानंतर 2 मिळाले, की लोक घाबरून विकतात. अहो, आता शेअर पाच आहेत, हातात 10 रुपये आले! इथे टक्केवारीच खरं बोलते, 80 वरून 100. बोनसमध्ये, म्हणजे कंपनी फुकट जादा शेअर देते तेव्हा, मात्र उलटं होतं. एकास एक बोनस दिला तरी दर्शनी किंमत 10 च राहते, शेअर दुप्पट होतात. मग 80 टक्क्यांवरून 50 टक्के झाले तरी 8 च्या जागी 10 रुपयेच मिळतात. म्हणून जुने आकडे बघताना मध्ये विभाजन झालं होतं की बोनस, हे आधी शोधा.

याचं आपल्या भागातलं उदाहरण अमळनेरचं. विप्रोची सुरुवात 1945 साली तिथे वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. तिचा शेअर 100 रुपयांचा होता. 1990 मध्ये तो 10 चा झाला, 1999 मध्ये 2 चा. त्याच 1999 मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, 10 किंवा 100 चीच दर्शनी किंमत ठेवायचं बंधन काढलं. म्हणजे विप्रोच्या जुन्या 100 च्या एका शेअरचे नुसत्या विभाजनाने 50 झाले, बोनसचे वेगळे.

नव्या इश्शूच्या, म्हणजे कंपनी नवे शेअर विकायला काढते त्याच्या, जाहिरातीत 'दर्शनी किमतीच्या अमुक पट' असं वाक्य असतं, ते सोडून पुढे जा. कायद्याने कंपनीला, कामगिरीपोटी कर्मचाऱ्यांना देतात ते स्वेट इक्विटी शेअर यांसारखे मोजके अपवाद वगळता, दर्शनी किमतीच्या खाली शेअर देता येत नाहीत. बाजारात भाव मात्र तिच्या खाली जाऊ शकतो.

घरातल्या ट्रंकेत कागदी प्रमाणपत्र सापडलं तर त्यावर छापलेल्या '10 रुपये' वर जाऊन ते रद्दीत टाकू नका. मध्ये विभाजन आणि बोनस झाले असतील तर शेअरची संख्या वेगळीच निघेल. कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, प्रमाणपत्रावरचा फोलिओ नंबर देऊन विचारा. 2019 च्या एप्रिलपासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, त्यामुळे आधी डीमॅट, म्हणजे खात्यातल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीत, करून घ्यावे लागतील.